जत्रेचं कुस्ती मैदान लाईव्ह करायचंय, नेट कुठलं घ्यावं?

माणदेशी_गडी:
गावची जत्रा जवळ आलीय, कुस्त्या यूट्यूबवर लाईव्ह दाखवायच्यात. अर्धं गाव मुंबई-पुण्याला, काही पोरं दुबईत, सगळे वाट बघत असतात. मागल्या वर्षी फोरजी सिमवर केलं, सकाळी स्पीड टेस्टला झकास येत होतं, पण शेवटची मोठी कुस्ती लागली, पैलवानानं घिस्सा टाकला आणि नेमकं तिथंच गोल फिरायला लागलं, परत दिसलं तेव्हा हलगी वाजतीय अन जिंकलेला खांद्यावर. फोनवर फोन, कोण जिंकलं म्हणून. फाईव्हजी फोन घेऊ का?

फायबरवाला:
दादा, फोन बदलून काही होणार नाही. सकाळी मैदान मोकळं असतं, दुपारी सगळी जत्रा त्याच टॉवरवर, निम्मे लोक स्वतःच व्हिडिओ पाठवत असतात. आणि तुम्ही डाउनलोड बघितला असणार, लाईव्हला लागतो अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा स्पीड. ७२० क्वालिटीला साधारण ४ एमबीपीएस न तुटता जायला पाहिजे, म्हणजे लाईन ८-१० ची तरी धरा. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे सरकारी योजनेतली, फायबर आलीय का बघा, नुसता डबा भिंतीवर असून भागत नाही, चालू पाहिजे. नाहीतर गावातल्या केबलवाल्याला मैदानापर्यंत लाईन ओढायला सांगा. वायफाय नको, कॅमेऱ्याच्या लॅपटॉपला लॅनची वायरच लावा. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा, लाईट गेली तर सगळंच गेलं.

नेटकरी_सातारा:
मग २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, ते कसं चाललं?

फायबरवाला:
तिथं एकाच ठिकाणाहून सगळ्यांना पाठवत नाहीत, शहराशहरातल्या सर्व्हरवर कॉपी असते, तुमच्या जवळच्या सर्व्हरवरून मिळते, अन नेट कमी झालं की चित्र आपोआप हलकं होतं. आपल्यासाठी हे काम यूट्यूब करतंच की. आपल्याला बघायचाय तो फक्त मैदानातून बाहेर जाणारा रस्ता, तो अडला की दुबईत कितीही भारी नेट असूदे, काय दिसणार?

माणदेशी_गडी:
लय आभार भाऊ. ग्रामपंचायतीतली फायबर चालू आहे, आजच बघून आलो. तिथून मैदान ३०० मीटर, मध्ये ओढा. लॅनची वायर टाकू का?

फायबरवाला:
लॅन १०० मीटरपर्यंतच. एवढ्या अंतराला फायबरच टाका, ओढ्यावरून खांबानं न्या.

माणदेशी_गडी:
केबलवाला तयार झाला. टेस्ट गुरुवारी, बाजार पुरता भरल्यावर घेतो.