पोट जाईना, मग सायकलची जर्सी घालावी का नको?

रांगडा गडी
वय 49, वजन 94, उंची पाच फूट सात. पोरगा असताना तालमीत होतो. तेव्हा वजन वाढलं की वस्ताद पाठीवर थाप मारायचे. आई तर अजून म्हणते, "उतरलास रे, जेव जरा." आता त्याच अंगावर लायक्रा (सायकलवाल्यांची ती अंगाला चिकटणारी कापडं) चढवायची म्हटलं की कसंतरीच होतं.

रोज सकाळी रंकाळ्याकडनं सायकलनं फेरी, रविवारी पन्हाळा. दम निघतो, पण पाय टेकत नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी कमी केली. काटा मात्र जागचा हलायला तयार नाही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर आमची जुनी पोरं बसलेली असतात (पोरं म्हणजे सगळी पन्नाशीची). परवा एकजण ओरडला, "पैलवान, सायकलीला तरी विचारलंस काय?" हसलो मीपण. पण जर्सीवर ढगळा टी-शर्ट घालतो आणि फोटोत मागं उभा राहतो. वाघबीळच्या पुढं वारा त्या टी-शर्टात शिरला की पाठीवर नुसता फुगा.

पोटवाल्यानं कुठली कापडं घ्यावीत? आणि वजन न उतरता चढ सोपा होतो का?

चढाला मी
सपाटीवर वजनाचं एवढं काही नसतं राव, तिथं भांडण वाऱ्याशी. म्हणजे तुमचा तो टी-शर्टच तुम्हाला मागं ओढतोय. चढाला मात्र किलो मोजून द्यावा लागतो. तुम्ही अधिक सायकल मिळून 106 धरा, पाच किलो उतरलं तर चढाचं काम पाच टक्क्यांनी हलकं. चांगलंच आहे, पण त्याला महिने जातील. मागच्या चाकाची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) 11-28 असेल, म्हणजे लहान चकतीला 11 दाते न् मोठीला 28, तर 11-34 टाका, त्याच आठवड्यात फरक कळेल. आधी डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरनं दुसरीवर ढकलणारा मागचा भाग, बघून घ्या. त्याचा खालचा दांडा आखूड (शॉर्ट केज) असेल तर 34 बहुतेक बसत नाही, लांब दांड्याचं (लाँग केज) लागेल आणि चेनही लांब. हलक्या फ्रेमवर पैसे उडवू नका.

आणि पन्हाळा उतरल्यावर कट मिसळ, जादा पाव आणि वर शिरा चालतो का? नाही, आपलं सहज विचारलं.

सासने ग्राउंडवाली
दादा, बिब शॉर्ट घ्या. खांद्यावर पट्टे असतात, पोटाला इलॅस्टिक काचत नाही. आतून अंडरवेअर घालायची नाही, नाहीतर शिवण घासून मांड्या सोलतात. जर्सी रेस फिट नको, रिलॅक्स्ड फिट बघा. पुढून ती आखूडच शिवलेली असते, उभं राहिलं की वर सरकते, त्यात पोटाचा दोष नाही. मापं लहान येतात, एक नंबर मोठा घ्या.

काट्यापेक्षा टेप घ्या. आपल्याकडं पुरुषांना कंबर 90 सेंटीमीटरच्या आत, आम्हाला 80 सांगतात. मी 46 ची, पाळी जायच्या बेतात, माझंही वजन हलत नाही. पण कंबर आणि उपाशीपोटीची साखर दोन्ही उतरली. आमच्याकडं तर बायका विचारतात, "या वयात चड्डीवर?" मी घंटी वाजवून पुढं जाते.

कट्ट्यावरचा
ओरडणारा मीच हाय. ये की रविवारी, तुझ्यामागं गाडी घिऊन येतो. सायकल नगं बाबा, गुडघं गेल्यात.

रांगडा गडी
@कट्ट्यावरचा, गाडीत पाणी आणि दोन ट्यूब ठेव, 700x32 च्या.
ताई, बिबची ऑर्डर टाकली, काळी. डिरेलर शॉर्ट केजच निघालं. लाँग केज जुनं कुणाकडं पडलंय काय, नऊ स्पीडचं?