‘द लायन अँड द कोब्रा’ : शिनेड ओ’कॉनरच्या पहिल्या अल्बमवर तिच्याच चरित्राने अन्याय केला आहे का?

रानवारा (धागालेखक)

२६ जुलै २०२३ रोजी आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर गेली. त्यानंतर तिच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन आईकडून झालेला छळ, डब्लिनमधील सुधारगृहातले दिवस, दूरचित्रवाणीवर पोपचे छायाचित्र फाडण्याचा प्रसंग आणि मानसिक आजार यांभोवतीच फिरते. तिच्या सांगीतिक निर्णयांच्या वाट्याला त्यात एखादे वाक्य येते. याचा सर्वांत मोठा फटका तिच्या पहिल्या अल्बमला बसला आहे, असे माझे मत आहे.

हा अल्बम नोव्हेंबर १९८७ मध्ये आला तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिच्या कंपनीने आधी मिक ग्लॉसॉप या अनुभवी निर्मात्याकडे काम सोपवले होते. ते ध्वनिमुद्रण तिला पसंत पडले नाही, म्हणून ते बाजूला ठेवले गेले आणि गर्भवती असलेल्या या मुलीने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेऊन सगळे नव्याने केले. पहिल्याच अल्बमच्या वेळी, हाती कोणतेही यश नसताना, झालेला खर्च डोक्यावर घेऊन असे करणारे गायक त्या काळात फार नव्हते, आणि गायिका तर त्याहून कमी.

परिणाम कानाला ऐकू येतो. ‘जॅकी’ या पहिल्या गाण्यात समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणारी स्त्री बोलते, आणि तिच्या आवाजाखाली जवळजवळ केवळ गिटारची घरघर आहे. लगेच पुढे ‘मँडिन्का’मध्ये मार्को पिरोनीची झणझणीत रॉक गिटार येते. ‘नेव्हर गेट ओल्ड’च्या आरंभी आयरिश गायिका एन्या आयरिश भाषेत बायबलमधील ९१ वे स्तोत्र म्हणते, आणि अल्बमचे नावही त्याच स्तोत्रातून आले आहे. इतक्या परस्परविरोधी गोष्टी एकत्र नांदतात, कारण निवड करणारा कान एकच आहे. ज्यांना ही निर्मिती दुय्यम आणि चरित्र प्रमुख वाटते, त्यांनी कृपया गाण्यांचा दाखला देऊन आपले म्हणणे मांडावे.

काळी चार

गाण्याचाच दाखला देतो. ‘ट्रॉय’. साडेसहा मिनिटांचे हे गाणे वरवर एका प्रियकराला उद्देशून आहे. डब्लिनच्या पावसात त्याची सुरुवात होते आणि आगीत शेवट होतो. लहानपणी आईने तिला घराबाहेर बागेत राहायला लावले होते, त्या अनुभवातून हे गाणे आले, असे शिनेडने पुढे स्वतः सांगितले आहे. ही आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली आणि दोन वर्षांत हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाणारा तो आवाज ऐकताना मी हे विसरावे, अशी तुमची अपेक्षा आहे काय? कलावंताने स्वतःच दिलेली किल्ली बाजूला ठेवून कुलूप न्याहाळत बसण्याला मी रसिकता म्हणणार नाही.

शिवाय निर्मितीचे जे कौतुक तुम्ही केले आहे, ते मला अतिरंजित वाटते. श्रेयनामावलीत केव्हिन मोलोनी यांचे नाव तिच्या बरोबरीने आहे, ते तुमच्या मांडणीत कोठेच आले नाही. आणि फलित काय? ‘जेरुसलेम’ आणि ‘आय वाँट युअर हँड्स ऑन मी’ यांतील तालाची ठेवण इतकी १९८७ सालची आहे की ती आज ऐकताना त्या काळातले कोणतेही नृत्यगीत आठवावे. १९९० च्या दुसऱ्या अल्बममध्ये तिने हा सगळा पसारा आवरला आणि आवाजाला मोकळी जागा दिली. तो अल्बम जास्त खपला तो केवळ प्रिन्स या अमेरिकी गायकाने लिहिलेल्या एका गाण्यामुळे, असे म्हणणे सोपे आहे. पण एकूण रचना म्हणूनही तोच अधिक परिपक्व आहे. पहिल्या अल्बमची आजची प्रतिष्ठा बरीचशी मागाहून, तिच्या आयुष्याकडे पाहून बहाल केलेली आहे. म्हणजे चरित्राने त्याच्यावर अन्याय केलेला नाही, उपकारच केले आहेत.

रानवारा

मोलोनी यांचा उल्लेख योग्य आहे. परंतु सहनिर्माता असण्याने निर्णय कोणाचा होता, हा प्रश्न निकालात निघत नाही. तयार झालेले काम नाकारण्याचा निर्णय तिचाच होता.

प्रतिष्ठा मागाहून मिळाली, हे मात्र मान्य करता येणार नाही. या अल्बमसाठी तिला ग्रॅमीचे नामांकन मिळाले होते आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या समारंभात तिने ‘मँडिन्का’ गायले, तेव्हा दुसरा अल्बम निघालेलाही नव्हता. त्या रात्री रॅप संगीताचा पुरस्कार प्रक्षेपणातून वगळला गेला, म्हणून तिने मुंडण केलेल्या डोक्याच्या एका बाजूला पब्लिक एनिमी या रॅप गटाचे चिन्ह रंगवून घेतले होते. अमेरिकेत हा अल्बम ३६ व्या आणि ब्रिटनमध्ये २७ व्या क्रमांकापर्यंत गेला. अनोळखी आयरिश मुलीच्या पहिल्या प्रयत्नासाठी हे थोडेथोडके नव्हे. तोपर्यंत तिच्या बालपणाविषयी सर्वसामान्य श्रोत्याला फारसे काही ठाऊक नव्हते. त्याने जे ऐकले, ते गाणेच ऐकले.

आता ‘ट्रॉय’. शीर्षकामागे येट्सची ‘नो सेकंड ट्रॉय’ ही कविता आहे. त्या कवितेत एक पुरुष एका स्त्रीविषयी बोलतो आणि हिला जाळायला दुसरे ट्रॉय (ग्रीक पुराणकथेत जळून गेलेले नगर) होते तरी का, असे विचारतो. शिनेडच्या गाण्यात तीच स्त्री स्वतः बोलू लागते. वीस वर्षांच्या मुलीने आपल्या देशाच्या सर्वांत मोठ्या कवीची मांडणी उलटी करून दाखवली, ही वाङ्मयीन करामत आहे. आणि तुम्ही तिला आईच्या बागेत परत नेऊन बसवता. दुःख अनेकांना होते, ‘ट्रॉय’ मात्र एकीनेच लिहिले.

पाणचक्की

दोघांचे वाचून एक तिसरी गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण मराठी श्रोते भावगीतावर वाढलेलो आहोत. कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा, अशी श्रेयाची वाटणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे विरहाचे गीत ऐकताना हा विरह नेमका कोणाचा, असे आपण कधी विचारत नाही. स्वतःच लिहून स्वतःच गाणारी व्यक्ती समोर आली, की मात्र आपण तिच्या गाण्याला दैनंदिनी समजू लागतो. ‘जॅकी’मधली स्त्री शिनेड नाही, हे सर्वांना कळते, ‘ट्रॉय’मधली स्त्री शिनेडच आहे, हे आपण कशाच्या आधारावर गृहीत धरतो?

दुसरे असे, की व्यक्तिगत चरित्र आणि देशाचा इतिहास यांत फरक करायला हवा. १९८३ मध्ये आयर्लंडने गर्भपातबंदी राज्यघटनेत घातली आणि १९८६ च्या सार्वमतात घटस्फोटाला नकार दिला. त्या देशातली तरुण, अविवाहित, गर्भवती स्त्री स्वतःच्या आवाजाचे सगळे निर्णय स्वतः घेते, हा संदर्भ तिच्या खाजगी दुःखापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मुखपृष्ठाचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. युरोपातील आवृत्तीवर तिचे तोंड उघडे आहे, जणू ती ओरडत आहे. अमेरिकेसाठी ते फार आक्रमक ठरवले गेले आणि तेथे नजर खाली वळवलेले, हात छातीशी घेतलेले छायाचित्र छापले गेले. मुंडण केलेली स्त्री चालते, पण तिने तोंड मिटलेले असावे, असा त्या विक्रेत्यांचा हिशोब असावा.

काळी चार

पाणचक्की यांचा भावगीताचा मुद्दा मार्मिक आहे, पण तो येथे लागू होत नाही. गृहीत धरण्याचा प्रश्नच नाही. ‘ट्रॉय’चे मूळ तिने स्वतः सांगितले आहे. आणि येट्सचा आधार घेतल्याने आई नाहीशी होत नाही. एखाद्या गोष्टीविषयी थेट बोलणे असह्य होते, म्हणून तर पुराणकथेचा आडोसा घेतला जातो.

निर्मितीविषयीही माझे मत कायम आहे, आणि त्याला पुरावा तिनेच दिला आहे. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील पिंकपॉप महोत्सवात तिने ‘ट्रॉय’ केवळ गिटार घेऊन, एकटीने गायले. ते चित्रीकरण सहज पाहायला मिळते. त्यात तंतुवाद्यांचा ताफा नाही, थरांवर थर नाहीत, आणि गाणे तसूभरही उणे वाटत नाही. उलट अल्बममधल्या वाद्यमेळाने ते थोडे नाटकी झाले होते, असे लक्षात येते. मग ज्या निर्मितीवर तुमचा सगळा दावा उभा आहे, तिची गरज कोणाला होती?

रानवारा

पिंकपॉपचे ते गायन थोर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तेथे तुम्ही तिचा चेहरा पाहता, बंद डोळे पाहता, श्वास घेताना होणारी ओढाताण पाहता; वाद्यमेळाचे अर्धे काम तिच्या शरीराने केलेले असते. अल्बममध्ये हे काही दिसत नाही. तेथे पहिल्या कुजबुजीनंतरची शांतता धरून ठेवायला आणि मग ती मोडायला तंतुवाद्येच लागतात. आवाज चढण्याच्या किंचित आधी ती कशी दाटत जातात, ते हेडफोन लावून एकदा ऐकावे. तो ताण नसता तर पुढची किंकाळी अचानक आणि म्हणून पोकळ वाटली असती. ‘जेरुसलेम’ जुनाट वाटते, एवढे मी तुम्हाला देऊन टाकतो. ‘ट्रॉय’ देणार नाही.