दापोलीचे किनारे: आई आणि सहा वर्षांची लेक सोबत आहेत, मुक्काम कुठे करावा?

वारजेकरीण

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये शुक्रवार ते रविवार दापोलीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं आहोत. आईला सत्तरी उलटून गेली, गुडघे दुखतात, पण समुद्राकाठी बसायची तिला फार हौस. लेकीला वाळूत खेळायचंय आणि कासवाची पिल्लं बघायचीयेत, शाळेत बाईंनी सांगितल्यापासून तिनं तोच ध्यास घेतलाय. नवऱ्याला ताजे मासे आणि किल्ला. मला शांतता हवी आहे, रात्री स्पीकर नकोत.

नेटवर मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी, कोळथरे ही नावं वाचून डोकं भणभणलं. प्रत्येकाखाली 'स्वच्छ, सुंदर, निवांत' असंच लिहिलेलं. खरा फरक काय, ते कोणी सांगेल का? रोज बॅगा भरायच्या नाहीत, मुक्काम एकाच गावात करायचाय. गाडी आमची आहे. घरगुती जेवण मिळालं तर उत्तम.

डोंगरवाट

मुरुड-कर्दे. डोळे झाकून जा. सगळं हाताशी मिळतं.

खाडीपलीकडे

माझं आजोळ आंजर्ल्याचं, नोकरीमुळे पुण्यात असते. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. दापोली गाव समुद्रावर नाही, वर डोंगरात आहे. पुण्याहून येणारे बरेच जण 'दापोली' बघून शहरात खोली घेतात आणि मग समुद्रासाठी रोज दहा-बारा किलोमीटर घाट उतरतात. खोली घेताना किनाऱ्याच्या गावाचं नाव बघा. दुसरं, मॅपवर नुसतं 'मुरुड' टाकू नका. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याचं मुरुड आहे, ते वेगळं. चुकीचं निवडलंत तर अर्धा दिवस गेला.

आता किनारे. उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम असा लागतो: केळशी, आंजर्ले, हर्णे, पाळंदे, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे आणि शेवटी दाभोळची खाडी.

मुरुड आणि कर्दे ही एकच सलग पुळण आहे. वाळू करडी, घट्ट, उतार अगदी कमी, त्यामुळे लहान मुलांना मोकळं पळता येतं. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, पॅरासेलिंग, घोडागाडी, भजी सगळं तिथेच. पण शनिवारी संध्याकाळी गर्दीही तिथेच असते, आणि लोक वाळूत गाड्या घालतात. तुम्हाला शांतता हवी असेल तर शनिवार-रविवारच्या मुक्कामाला मी हे नाव सुचवणार नाही. सकाळी लवकर मात्र जरूर जा. मुरुड गाव स्वतः सुंदर आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ. आपल्या कर्वे रस्त्याचे आणि कर्वेनगरचे महर्षी कर्वे याच गावचे. परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले होते. लेकीला गोष्ट सांगा आणि मग मॅपवर तो रस्ता दाखवा, आवडेल तिला.

हर्णे हे पोहण्या-खेळण्याचं ठिकाण नव्हे, ते बंदर आहे. तिथे जायचं लिलावासाठी. चार-साडेचारपासून पुढे थांबा. मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत, लांब उभ्या राहतात. बैलगाड्या छातीभर पाण्यात जातात, बैलांची फक्त तोंडं आणि शिंगं वर दिसतात आणि गाडी मासळीच्या टोपल्या घेऊन परत वाळूत येते. वाळूवर ढीग मांडले की बोली सुरू. बोली घाऊक असते, आपल्याला घ्यायचं तर कडेला बसलेल्या मावश्यांकडून घ्या. सुरमई, हलवा, पापलेट, कोळंबी सगळं मिळतं. धुता येतील अशाच चपला घाला, आणि आईंना ओल्या वाळूत फार आत नेऊ नका, पाय घसरतो.

आंजर्ले. मी पक्षपाती आहे, तरी सांगते. वाळू उजळ, किनारा रुंद, मागे सुरूचं बन. दुकानं नाहीतच म्हटलं तरी चालेल. रात्री गाजेशिवाय आवाज नसतो. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या आहेत, पण गाडी थेट वर जाते, म्हणजे आईंच्या गुडघ्यांची काळजी नको. तिथून खाली आंजर्ल्याची खाडी आणि पलीकडे हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. अडचण एकच: बऱ्याच घरगुती मुक्कामांपासून समुद्र वाडीतून, बनातून चालत आहे आणि शेवटचा पट्टा मऊ वाळूचा. खोली ठरवताना "गाडी वाळूपर्यंत किती जवळ येते?" हा प्रश्न विचाराच.

कासवांसाठीही आंजर्लेच. ऑलिव्ह रिडले इथे अंडी घालतात. वन विभाग आणि गावातले कासवमित्र ती अंडी कुंपणात, वाळूतल्या खड्ड्यांत हलवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यांवरची टोपली उचलून बघतात. पिल्लू असेल तर समुद्राकडे सोडतात. तळहाताच्या अर्ध्याहून लहान जीव, काळपट राखाडी, वाळूतल्या पावलाच्या खळग्यात अडकला तरी स्वतःच धडपडत बाहेर येतो. मदत करायची नाही. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही. लेकीला हे आधीच समजावून आणा. आणि मार्च चांगला महिना असला तरी पिल्लं निघतीलच असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा, त्यांना घरट्यांची खबर असते.

केळशीबद्दल दुसरं कोणी लिहा, हात दुखले.

पुरातन

केळशी मी लिहितो. किनारा लांबलचक, माणूस क्वचित. महालक्ष्मीचं देऊळ गावात, याकूबबाबांचा दर्गा टेकाडावर. खाडीच्या तोंडाशी वाळूची उंच टेकडी आहे. आपल्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे काम केलंय, वाळूच्या थरांत जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. माझ्यासारख्या माणसाला तिथे दिवसभर पुरतं. पण सहा वर्षांच्या मुलीला आणि वयस्कर आईंना घेऊन मुक्कामाला नको. दापोलीपासून बरंच आत आहे, रात्री-बेरात्री डॉक्टर लागला तर रस्ता वळणांचा. आंजर्ल्याहून एक सकाळ काढा.

पोहणारा

लाडघरचं नाव मागे पडायला नको. बारीक तांबडे गोटे आणि पाण्यावर तांबूस झाक, म्हणून तिथल्या पट्ट्याला तामसतीर्थ म्हणतात. वेळेश्वराचं देऊळ जवळच. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅगचं, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं, पायलट मानांकन मिळालं, त्यांत लाडघर आहे. मला स्वतःला संध्याकाळसाठी कर्द्यापेक्षा लाडघर आवडतं. आईंना गाडीतून उतरून लगेच समुद्रासमोर बसता येईल असे मुक्कामही तिथे जास्त.

कोळथरे त्याहून शांत. कोळेश्वराचं देऊळ, जुनी घरं, केळफुलाची भाजी आणि सोलकढी वाढणारी घरगुती खानावळ. पण तिथून हर्णे लांब पडतं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचा किल्ला आणि मासे दोन्ही लांब.

पोहण्याबद्दल कळकळीनं सांगतो. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे आंजर्ल्याच्या आणि केळशीच्या टोकाला, पाण्यात उतरू नका. ओहोटी लागली की खाडीचं पाणी तिथून समुद्रात ओढीनं जातं, घोटाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. समोरून लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसला तर तो सुरक्षित समजू नका. पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. मुलीला गुडघ्याच्या वर पाण्यात नेऊ नका, आणि ओहोटी चालू असताना मोठ्यांनीही पोहू नका. स्थानिक माणूस 'नको' म्हणाला की वाद घालू नका.

वारजेकरीण

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आंजर्ले की लाडघर असं आता उरलंय. आमचा शनिवार पंचांगात अष्टमीचा आहे. त्यानं काही फरक पडतो का? नवरा म्हणतो भरती-ओहोटीचं बघून जा, पण ते बघायचं कसं?

घटिका

फरक पडतो, आणि खूप पडतो. किनारा कोणता यापेक्षा दिवस कोणता, हे मी आधी बघतो. तोच किनारा ओहोटीला मैदान असतो आणि भरतीला बनाच्या मुळाशी पाणी येतं.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी एकदा आणि रात्री एकदा, साधारण त्याच आकड्याच्या आसपास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक फोनवर मिळतं. पण घरी बसून बेत आखायला पाऊणपट पुरते.

तुमच्या अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. म्हणजे सूर्य बुडताना, लेकीला वाळूत खेळायचंय तेव्हाच वाळू कमी. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही हे खरं, पण मधला रुंद ओला पट्टा मिळणार नाही. ओहोटी भर दुपारी बाराला, उन्हात.

एक आठवडा पुढे गेलात तर शनिवारी अमावास्या येईल. भरती साडेअकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. नेमका सूर्यास्ताला किनारा सगळ्यात रुंद. लेकीनं किल्ले बांधावेत, आईंनी घट्ट वाळूवर खुर्ची टाकावी. फक्त अमावास्येला उधाण असतं, पाणी जेवढं जास्त चढतं तेवढ्याच जोरानं उतरतं, त्यामुळे वर 'पोहणारा' यांनी लिहिलंय ते दुप्पट पाळा.

डोंगरवाट

हे पाऊणपटीचं गणित कॅलेंडरशेजारी लिहून ठेवतोय. धन्यवाद.

चांदणी चौक

रस्त्याचं कोणीच लिहिलं नाही. वारज्याहून सोपा रस्ता म्हणजे चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, पुढे मुंबई-गोवा महामार्गाला लागून मंडणगडमार्गे दापोली. दोनशे किलोमीटरच्या आसपास, थांबत गेलात तर सहा तास धरा. ताम्हिणीत मुलांना उलट्या होतात, पोटभर खाऊ घालून निघू नका. नाश्ता माणगावला. भोरमार्गे वरंध घाट नकाशावर आकर्षक दिसतो, पण अरुंद आहे आणि पावसाळ्यात वाहतुकीला वारंवार बंद होतो. महामार्गावरून महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड असंही जाता येतं, वळणं कमी, अंतर जास्त. आईंना वळणांचा त्रास होत असेल तर हा रस्ता बरा.

पहाटे साडेपाचला निघा. सातनंतर पिरंगुटला अडकाल.

आणि शिमगा कधी आहे ते बघून घ्या. पालख्या निघतात, चाकरमानी मुंबईहून गावी येतात, महामार्ग भरतो, खोल्याही मिळत नाहीत. पालखी बघायचीच असेल तर गोष्ट वेगळी.

वारजेकरीण

ठरलं मग. शिमगा आधीच होऊन गेलाय, आठवडा पुढे ढकलतो, अमावास्येचा शनिवार. मुक्काम आंजर्ले. एका घरी फोन केला, त्यांची गाडीवाट सुरूच्या बनापर्यंत येते, तिथून आईला थोडंच चालायचंय. जेवण घरचंच, ओल्या काजूगरांची उसळ करू म्हणाल्या. मासे हर्णेहून आणून दिले तर करून देतील.

शुक्रवारी पोचून संध्याकाळी पिल्लं निघतायत का बघू. शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी सगळे घरीच आराम, संध्याकाळी आंजर्ल्याच्या वाळूत. हर्णेचा लिलाव मग शुक्रवारी पोचल्यावर करावा का? रविवारी निघताना लाडघरला आईला बसवून थोडा वेळ. सुवर्णदुर्गाला लेकीला नेणं बरोबर आहे का?

खाडीपलीकडे

शुक्रवारी लिलाव आणि पिल्लं एकाच संध्याकाळी ओढाताण होईल. लेकीच्या मनात पिल्लं आहेत, शुक्रवार तिला द्या. लिलावाला नवऱ्याला शनिवारी साडेचारला एकट्यानंच पाठवा. पूल ओलांडला की हर्णे, सहापर्यंत मासे घेऊन परत येतील. रविवारी लाडघर उलट दिशेला पडतं, पण अंतर फार नाही. जेवून निघणार असाल तर जमेल, भरती बाराच्या पुढे असेल.

सुवर्णदुर्गाला नेता येईल. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा किल्ला, पुढे कान्होजी आंग्र्यांचा. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक. तटाच्या आत फारसं बांधकाम उरलेलं नाही, तरी तटबंदी आणि महादरवाजा बघण्यासारखा आहे. होडी हर्णे बंदरातून. सकाळी आठ-साडेआठला निघा, दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी हलते. उतरताना पाय भिजतातच, खडकांवर शेवाळ असतं, त्यामुळे आईंना होडीत बसवू नका. त्या गणपतीला जाऊन वरून तोच किल्ला बघतील. होडीवाल्याला पैसे देण्याआधी लेकीच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा, घालून बघा. मोठ्यांचं सैल जॅकेट बांधून देतो म्हणाला तर दुसरी होडी बघा. तशी मिळाली नाही तर लेकीलाही आजीबरोबर वर पाठवा.