स्मरणभक्तीची यादी : पेटीकाकांचं काय करायचं?

प्रेषक : सचिव

ख्रिस्तामध्ये सलाम.

छापखान्याला गुरुवारी दुपारपर्यंत आपल्या मंडळाच्या, दिवंगतांसाठीच्या स्मरणभक्तीची पुस्तिका द्यायची आहे. यादी सोडून सगळं तयार आहे. 'प्रभूमध्ये निजलेले' या मथळ्याखाली ज्यांची नावं जातात त्यांच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव पुढे कंसात छापायचं, असं मागच्या गोंधळानंतर ठरलं होतं. (कोणता गोंधळ ते सगळ्यांना ठाऊक आहे. परत उगाळू नये.) पेटीकाकांच्या नावापुढचा कंस रिकामा आहे. त्यांच्या जुन्या मंडळीत मी स्वतः फोन केला. नाव सभासदांच्या पटावर नाही, कधीच कमी केलंय, असं सांगितलं. आता कंसात काय लिहू? बुधवारी रात्रीपर्यंत कळवा.

हॉलचं डिपॉझिट भरलं आहे. जेवणाचं वेगळ्या मेलमध्ये.

प्रेषक : अण्णा, गिरगाव

सचिवसाहेब, कंस रिकामा असेल तर त्या मथळ्याखाली नाव येऊ नये. काकांवर माझा राग नाही, माझ्या लग्नात त्यांनीच पेटी वाजवली होती. पण 'प्रभूमध्ये निजले' असं आपण छापतो तेव्हा साक्ष देत असतो. ती कशाच्या जोरावर द्यायची?

कार्थेजचा बिशप सिप्रियन तिसऱ्या शतकातच सांगून गेला की मंडळी ज्याची आई नाही त्याचा देव बाप होऊ शकत नाही. मंडळीबाहेर तारण नाही, हेही त्याचंच. हे फक्त कॅथलिकांचं आहे असं कुणी समजू नये. आपल्या प्रोटेस्टंटांच्या कॅल्विननेही मंडळीला आईच म्हटलं आहे. मग पट, हजेरी, प्रभुभोजन हे सगळं काय हौसेखातर चालवतो आपण?

आपला,
अण्णा

प्रेषक : भाची (मस्कत)

अण्णा, सलाम. तुम्ही वडीलधारे, उलट बोलत नाही. पण मामांचं नाव पटावरून का गेलं हे तुम्हाला माहीत आहे. मामी अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांच्या मंडळीतून कुणी फिरकलं नाही. वर्गणी थकल्याची चिठ्ठी मात्र वेळेवर आली. त्यानंतर मामा गेले नाहीत ते गेले नाहीत.

घरी रोज संध्याकाळी वाचन असायचं. लूकचं शुभवर्तमान इतकं वापरलेलं की पुठ्ठा सुटला होता, आणि खुणेला बेस्टची जुनी तिकिटं. मी सुट्टीला आले की मलाही बसवायचे. हे सगळं पटावर नाही म्हणून हिशेबात नाही का?

आणि मामा गेले त्या दिवशीचं सांगते. कबरस्तानात पाळकाचं पत्र मागितलं. आजीची कबर आमचीच, त्यात जागा होती, पण पत्र कोण देणार? मी विमानतळावर, भाऊ फोनवर. शेवटी आपल्यातल्याच एका पाळकांनी रात्री घरी बसून पत्र लिहून दिलं. त्यांनी काही विचारलं नाही. पुस्तिकेच्या वेळीही तेच होणार असेल तर नाव नको, मी काही म्हणणार नाही.

प्रेषक : वसईकर

अण्णा, सिप्रियन आम्हा कॅथलिकांकडून उसना घेतलाच आहे तर पूर्ण घ्या.

'मंडळीबाहेर तारण नाही' हे त्याने घरी बसून बायबल वाचणाऱ्या म्हाताऱ्याला उद्देशून लिहिलेलं नाही. रोमच्या डेशियस बादशहाने केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ नुकताच होऊन गेला होता, मंडळीत फूट पडली होती, रोममध्ये नोव्हेशियनने स्वतःला वेगळा बिशप करवून घेतला होता. सिप्रियनचा रोख फूट पाडणाऱ्यांवर होता. ज्या पत्रात ते वाक्य येतं ते इ. स. २५६ च्या सुमाराचं, आणि त्यातला वाद असा की फुटीरांनी दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा. सिप्रियन म्हणाला खोटा, परत द्या. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला खरा, परत देऊ नका. पुढे पश्चिमेकडे स्टीफनचंच म्हणणं राहिलं. म्हणजे वाक्य गाजलं, पण ज्या वादात ते आलं तो वाद सिप्रियन हरला.

आमच्या ख्रिस्तसभेने (तुम्ही मंडळी म्हणता ती) ते वाक्य पुढे फार कडक केलं हे खरं. १४४२ ची फ्लॉरेन्सची परिषद वाचली तर अंगावर काटा येतो. पण १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. त्याआधी बॉस्टनचे फादर लेनर्ड फीनी 'बाहेर कुणीच नाही' म्हणून अडून बसले आणि रोमला बोलावलं तरी गेले नाहीत. १९५३ साली त्यांनाच बाहेर काढलं.

जाता जाता : पुस्तिकेत दरवर्षी 'फादर' ऐवजी 'पाळक' छापलं जातं. आमच्याकडचे दोन फादर येतात, त्यांना पाळक म्हणू नये ही विनंती मी आधीही केली आहे.

प्रेषक : अण्णा, गिरगाव

> स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही

वसईकर, इथेच घोडं अडलं. काकांना ख्रिस्त कळला नव्हता का? लहानपणी बाप्तिस्मा, संडेस्कूल, सगळं झालेलं. तुमच्याच परिषदेच्या त्याच दस्तऐवजात, दोन कलमं आधी, असंही आहे की ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे जाणूनही जो तिच्यात येत नाही किंवा राहत नाही त्याचं तारण होऊ शकत नाही. सोळावं कलम वाचायचं आणि चौदावं गाळायचं, असं चालणार नाही.

आमच्याकडे १६४६ साली वेस्टमिन्स्टरला जी विश्वासाची कबुली लिहिली तिच्यातही हेच आहे : मंडळीबाहेर तारणाची नेहमीची वाट नाही. आडवाटेने देव कुणाला नेतो ते त्याचं त्याला ठाऊक, आपण छापायचं ते नेहमीच्या वाटेचं.

आता कुणीतरी येशूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर काढणारच, म्हणून आधीच सांगतो. त्याला ना बाप्तिस्मा, ना मंडळी, आणि त्याच दिवशी सुखलोक. मान्य. पण त्याच्याकडे वेळच नव्हता. काकांकडे उभा जन्म होता, आणि देऊळ (चर्च) घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. इब्रींस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, ते काय रुसलेल्यांना लागू नाही?

मुली, तुझ्या मामींच्या आजारपणात जे झालं ते वाईटच झालं. त्यावर मी काहीच म्हणत नाही.

'फादर'बद्दल : पुस्तिका माझ्याकडे नाही, सचिवांकडे आहे.

प्रेषक : भजनी गट

यादीवर एवढं चाललंय, पण भजनांचा क्रम आम्हाला न विचारता छापायला गेला असं ऐकतो. हे खरं आहे का? दरवर्षी क्रम आमच्याकडून जातो.

प्रेषक : सचिव

गेलेला नाही. तुमच्याकडून आलेलाच नाही.

प्रेषक : ठाण्याहून धाकटा

सगळ्यांना सलाम. एक विचारतो, रागावू नका. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली तेव्हा आपण सगळेच मंडळीबाहेर होतो ना? घरी टीव्हीवर उपासना, आईने बशीत पाव आणि कपात द्राक्षाचा रस ठेवलेला, पाळक मोबाईलमध्ये. ते प्रभुभोजन चाललं की नाही यावर आमच्याकडे अजून भांडण आहे. पण तेव्हा पटावरून कुणाचं नाव कमी केलं नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या वयाचे बरेचजण तिथून परत आलेच नाहीत. पटावर आहेत, देवळात नाहीत. त्यांचा कंस भरलेलाच राहणार.

प्रेषक : माई, भायखळा

आजवर गप्प होते, पण धाकट्याने बरोबर जागी बोट ठेवलं.

अण्णा, आमच्या भायखळ्याला १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण त्यांची भजनं गातो, पुस्तिकेत यंदाही आहेत. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती, अट एकच, ख्रिस्ताचं शिष्यत्व. दोन वर्षांत ते मुंबईत वारले, दरबार फार चालला नाही. पण म्हणून त्यांचं नाव कुठल्या यादीतून गाळायचं धाडस तुम्ही कराल का?

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्याच सिस्टरबाईंशी पत्रांतून वाद घातला. बिशप आणि धर्मगुरू सांगतील तो शब्दन् शब्द मानायला त्या तयार नव्हत्या. कुठल्या पंथाच्या पटावर बसणार हे त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच ठरवलं.

पण भाचीबाई, आता तुलाही थोडं ऐकावं लागेल. रमाबाईंनी पंथ मानला नाही, पण त्या एकट्या राहिल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या बायका-मुली आणल्या, त्यांच्याबरोबर जेवल्या, प्रार्थना केली. टिळकांनीही मिशन सोडल्यावर काढला तो दरबारच, खोलीत बसून राहिले नाहीत. पट सोडणं आणि माणसं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी लूक वाचला की झालं, मंडळीची गरजच काय, असं तू म्हणत असशील तर मला ते पटत नाही. ज्याच्यावर रागवायचं, ज्याला क्षमा करायची, ज्याच्या तापात पेज घेऊन जायचं, ते माणूस समोर नसेल तर वाचलेलं वापरायचं कुठे?

आणि तुझ्या मामांनाही ते पटलं नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आमची रविवारची उपासना सुरू झाली की ते फाटकाबाहेर बसथांब्यावर येऊन बसायचे. गीत सुरू झालं की छत्रीच्या मुठीवर बोटांनी ठेका. निवेदनं सुरू झाली की उठून चालू लागायचे. मी एकदा म्हटलं, आत या. म्हणाले, आत आलो की कमिटी दिसते. हसून म्हणाले, पण मन तिथेच होतं. फाटकापर्यंत दर रविवारी कुणी उगाच येत नाही.

बाहेर त्यांना आपण ठेवलं की ते स्वतः राहिले, हे मी ठरवणार नाही. तारणाची यादी वर असेल ती असेल. ही पुस्तिका मंडळाची आहे, आणि मंडळात ते नेहमीच होते. आखाती युद्धाच्या वेळी कुवेतहून परतलेल्यांसाठी परळच्या त्यांच्या खोलीत गाद्या कुणी घातल्या होत्या, हे या मेलवरच्या निम्म्या लोकांना आठवत असेल.

प्रेषक : वसईकर

माई, गाद्यांचं खरं आहे. आमचा थोरला तिथेच उतरला होता.

अण्णांच्या चौदाव्या कलमावर एवढंच : त्याच कलमात पुढे लिहिलंय की जो देहाने ख्रिस्तसभेत आहे पण प्रीतीत टिकत नाही, त्याचंही तारण होत नाही. चिठ्ठी पाठवणाऱ्या कमिटीलाही ते वाचायला द्या.

प्रेषक : अण्णा, गिरगाव

चौदावं कलम पूर्ण वाचलं. ठीक आहे.

माझं म्हणणं बदललेलं नाही. मंडळी नको म्हणणाऱ्यांना उद्या हीच पुस्तिका दाखवून पाठिंबा मिळेल, माईंनी लिहिलेलं कुणी वाचणार नाही. पण काकांनी कधी कुणाला मंडळी सोड असं सांगितल्याचं मीही ऐकलेलं नाही, उलट माझ्या मुलाला कन्फर्मेशनच्या वर्गाला त्यांनीच दामटलं होतं. सचिवांनी काय ते ठरवावं, माझा विरोध नोंदवून घ्यावा.

प्रेषक : सचिव

बुधवार रात्र झाली. ठरलं ते असं : मथळा तोच. कंसात मंडळीचं नाव कुणाच्याच पुढे नाही, त्याऐवजी राहण्याचं ठिकाण. काकांपुढे 'परळ'. अण्णांचा विरोध नोंदला आहे. फादर आणि पाळक वेगवेगळे छापले आहेत, वसईकरांनी तपासून घ्यावं. भजनांचा क्रम अजूनही आलेला नाही.

प्रेषक : अण्णा, गिरगाव

मग माझ्या आईच्या नावापुढे 'गिरगाव' नको, 'ठाकूरद्वार' लिहा.

प्रेषक : माहीमच्या वहिनी

आमच्या सासूबाईंचं नाव दोनदा आलंय, एकदा माहेरचं. छापून गेलं का?