लॉकच्या करारातील संमती खरी आहे काय?

चर्चाप्रस्ताव

राज्यसत्ता लोकांनी केलेल्या सामाजिक करारातून जन्मते असे मानणाऱ्या हॉब्ज आणि लॉक या इंग्रज तत्त्वज्ञांची तुलना करताना आपण बहुधा लॉकला झुकते माप देतो. संमतीच्या प्रश्नावर मला मात्र हॉब्ज अधिक प्रामाणिक वाटतो. इंग्लंड यादवीने होरपळला असताना १६५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात तो उघडपणे मांडतो की, भीतीपोटी केलेला करारही बंधनकारकच असतो. लॉक राज्याचा सारा डोलारा संमतीवर उभारतो आणि मग हमरस्त्यावरून नुसता प्रवास करणाऱ्यानेही मूक संमती दिली, असे म्हणतो. जिथे नकाराला वावच नाही, तिथे संमती कसली? झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाने समुद्रात उडी घेतली नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता स्वीकारली असे मानायचे काय, हा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा १७४८ मधील प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

प्रतिसाद १

लॉकवर हा अन्याय आहे. मूक संमतीने माणूस त्या प्रदेशात असेपर्यंत कायदे पाळण्यास बांधला जातो, समाजाचा सदस्य होत नाही. सदस्यत्वासाठी लॉक स्पष्ट संमतीच मागतो. शिवाय त्याच्या मते शासन विश्वस्त असते आणि विश्वासघात झाल्यास सत्ता लोकांकडे परत येते. हॉब्जचा करार प्रजाजनांचा आपापसांतला असून सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्ताधारी, त्यात पक्षकारच नसल्यामुळे, त्याने करार मोडला असे म्हणायचीही सोय उरत नाही. ही उणीव मला त्या प्रामाणिकपणापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर

सदस्यत्वाचा भेद मान्य आहे, पण त्याने अडचण वाढते. स्पष्ट संमती फार थोडे लोक देतात. मग उरलेले सारे आपल्याच देशात परके ठरतात. आणि हॉब्जलाही मर्यादा आहे: सार्वभौम संरक्षण करू शकतो तोवरच प्रजेचे बंधन टिकते, आणि स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कोणीही सोडून देऊ शकत नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही संमती एकदाच द्यायची गोष्ट मानता, म्हणून ही कोंडी सुटत नाही. सामाजिक कराराचाच पुरस्कर्ता असलेला तत्त्वज्ञ रूसो याने १७६२ मध्ये लिहिले की इंग्लंडचे लोक फक्त संसदेचे सदस्य निवडतानाच स्वतंत्र असतात. नागरिक स्वतः कायदे करण्यात सतत सहभागी असतील, तरच करार जिवंत राहतो.

प्रतिसाद १

पण तोच रूसो सामूहिक ईहा (म्हणजे समाजाची सामाईक हिताची इच्छा) न मानणाऱ्याला ‘स्वतंत्र होण्यास भाग पाडले जाईल’ असेही लिहितो. अल्पमतात राहिलेल्याने आपले मतच चुकले असे समजावे, ही त्याची अपेक्षा मला हॉब्जच्या भीतीहून अधिक जाचक वाटते. हॉब्ज निदान आज्ञापालनावर थांबतो, मनातल्या श्रद्धेवर सत्ता सांगत नाही.