एनएफएल प्लेऑफचं मानांकन कसं असावं? भाऊजींशी वाद अडलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल (एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग) बघणारं कुणी आहे का?

आम्ही मिनियापोलिसला राहतो, घरात सगळे इथल्या व्हायकिंग्ज संघाचे चाहते. २०२४ च्या हंगामात शेवटच्या सामन्याआधी व्हायकिंग्ज आणि डेट्रॉइट लायन्स, दोघांचे १४ विजय आणि २ पराभव. जिंकेल तो एनएफसीमध्ये (लीगच्या दोन गटांपैकी एक) पहिला आणि त्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांत, एक फेरी विश्रांती, हरेल तो थेट पाचवा! आम्ही ३१-९ हरलो. गटातल्या चार डिव्हिजनच्या (चार-चार संघांच्या उपगटांच्या) विजेत्यांना पहिले चार क्रमांक राखीव असतात आणि वरच्या क्रमांकाचा संघ घरी खेळतो. लायन्स आमच्याच डिव्हिजनचे, म्हणून १४ सामने जिंकलेल्या संघाला १० जिंकलेल्या लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे जावं लागलं. मला ते अजून सलतं.

माझं म्हणणं साधं आहे. डिव्हिजन जिंकलात, तर प्लेऑफमध्ये जागा पक्की. पण घरचं मैदान विजयांच्या संख्येवर मिळावं. लायन्सनीच २०२५ मध्ये असा प्रस्ताव मांडला होता, पण मे महिन्यात मागे घेतला. तो लागू असता तर आमचा सामना घरीच झाला असता.

माझे दीर शार्लटला असतात, पँथर्सचे चाहते. त्यांच्या संघाने २०१४ मध्ये ७ विजय, ८ पराभव, १ बरोबरी एवढ्यावर डिव्हिजन जिंकली आणि ११ विजयांच्या अॅरिझोनाला घरी हरवलं. २०१० मध्ये सिअ‍ॅटलनेही ७-९ असताना सेंट्सना ४१-३६ हरवलं होतं. भाऊजी म्हणतात, "वहिनी, मैदानावर जिंकलो ना? मग आमची जागा चुकीची कशी?" वर हेही ऐकवतात, की लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे रॅम्सचा तो सामना अॅरिझोनात हलवला होता, तरी तुम्ही २७-९ हरलात. खरं आहे ते.

पण मी अडकले ती दुसऱ्याच मुद्द्यावर. १७ पैकी ६ सामने आपल्याच डिव्हिजनमध्ये होतात. डिव्हिजन दुबळी असेल तर विजय स्वस्तात मिळतात, तगडी असेल तर नऊ विजयांनाही घाम फुटतो. मग नुसते विजय मोजणं तरी न्याय्य कसं? शिवाय घरच्या मैदानाचं बक्षीस काढलं तर डिव्हिजनच्या चुरशीला अर्थ काय उरेल, हा त्यांचा प्रश्नही मला खोडता येत नाही.

प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे धरून मानांकन ठरवायची एखादी पद्धत आहे का, जी साध्या प्रेक्षकालाही हिशेब करून बघता येईल? की डिव्हिजन विजेत्याला किमान नऊ-दहा विजयांची अट घातली तर पुरे? खूप वर्षं हा खेळ बघणाऱ्यांनी जरूर लिहा. भाऊजी पुढच्या महिन्यात आमच्याकडे राहायला येताहेत.