ग्रंथोत्सवाला जायचं तर मासिकांच्या टेबलापाशी थांबा

जिल्ह्याला भरणाऱ्या ग्रंथोत्सवाबद्दल, म्हणजे पुस्तकांच्या प्रदर्शन-विक्रीबद्दल, एकांनी विचारलंय, पुस्तकं विकतच घ्यायची असतील तर फुकट प्रवेशाचं काय कौतुक, एसटीचं भाडं खर्चून जिल्ह्याला कशाला जायचं? मी औशाकडचा. दरवर्षी लातूरला ग्रंथोत्सवाला जातो, म्हणून लिहितोय.

तिकीट नसलं की माणूस निवांत चाळत बसतो, हे फार मोठं आहे. आमच्याकडं तालुक्याला पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईडं आणि वह्या. कवितेचं पुस्तक हातात घेऊन, चार पानं वाचून मग ठरवायचं, हे सुख मला तिथंच मिळतं. २०२२ला उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा तर पुस्तकांच्या गाळ्यांमधून पाय निघत नव्हता.

मासिकांचं टेबल मात्र बहुतेक कोपऱ्यात असतं. तिथं आवर्जून जा. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ किंवा गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’चे जुने अंक दिसले तर सोडू नका. ‘अस्मितादर्श’ औरंगाबादेतूनच निघायचं, आणि दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्यात लिहिती झाली. असला एक अंक मला मागं मिळाला. पिना गंजलेल्या, कव्हरवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आत एका कवितेच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘आईला वाचून दाखवली’. तो अंक मी अजून कुणाला दिलेला नाही.

सकाळी ग्रंथदिंडीच्या वेळेलाच पोचा. शाळेची पोरं लेझीम खेळत येतात. दुपारी गर्दी ओसरली की विक्रेतेही मोकळेपणी बोलतात. आणि लेकरांना सोबत न्याच.